गाडीचं वय बघू नका, मॅट उचलून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की १५ वर्षांवरच्या सगळ्या गाड्या सरसकट भंगारात घाला, रस्त्यावर दिसायलाच नकोत. ते वाचल्यापासनं डोक्यातनं जाईना, कारण माझ्या घरामागच्या शेडमध्ये १९७९ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे आणि गेली दोन वर्षं रोज संध्याकाळी कामावरनं आलो की मी तिचा सडलेला तळ कापतोय आणि नवीन पत्रा जोडतोय. त्या वाचकांची काळजी मला समजते. सडलेली गाडी रस्त्यावर येऊ नये हे मलाही शंभर टक्के मान्य आहे. पण सडलेली कुठली आणि चांगली कुठली हे आरसीवरच्या वर्षावरनं कळत नाही हो, ते पायाखालचं मॅट उचलल्यावर कळतं, आणि एवढंच सांगायला हे पत्र आहे, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पॉवरलूमचा फिटर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत ३१ वर्षं काढली. आमचे वडील एका डॉक्टरांकडं ड्रायव्हर होते. डॉक्टरांनी ही गाडी १९८४ साली मुंबईहून सेकंडहँड आणली, पांढरी, हँडगिअरची (गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच), पुढं सलग सीट. वडिलांना मी गाडी चालवताना जेवढं बघितलंय त्यापेक्षा गाडी पुसताना जास्त बघितलंय. पावसाळ्यात त्यांचा एक नेम होता, दर रविवारी चारी मॅट बाहेर काढून कंपाऊंडच्या भिंतीवर उन्हात टाकायचे, आणि अगरबत्तीची जळून उरलेली काडी घेऊन दाराच्या खालच्या कडेची बारीक भोकं एकेक करून मोकळी करायचे. मी लहान होतो, विचारलं हे काय करताय, तर म्हणाले दाराच्या काचेवरचं पाणी आत उतरतं बाळा, त्याला बाहेर जायला वाट नको का. तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. त्याचा अर्थ मला पन्नाशीनंतर कळला.

वडील २००३ला घरी बसले, डॉक्टर पुढं थकले, गाडी बंगल्यातल्या कडुलिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. डॉक्टरांचा मुलगा पुण्याला असतो, त्याचा दोन-अडीच वर्षांपूर्वी फोन आला, दादा गाडी भंगारवाल्याला देतोय, काकांची आठवण म्हणून एकदा बघून जायची असेल तर या. गेलो तर गाडी बाहेरनं चकचकीत. उभी करायच्या आधी त्यांनी चांगल्या मनानं एका गॅरेजमधनं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेलं, चांगले पैसे मोजून. भंगारवाला जेवढे देत होता तेवढेच मी दिले आणि टोइंगवाल्याकडनं घरी आणली.

घरी आणून मॅट उचललं आणि माझा हात पत्र्यातनं खाली गेला.

म्हणजे शब्दशः गेला. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्राच नव्हता, वरनं फायबरचं कापड, त्यावर लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी), खालनं डांबराचा जाड हात मारलेला. घरातल्या जुन्या स्पीकरमधला मॅग्नेट काढून सगळ्या बॉडीवर फिरवला, (हे कुणीही करू शकतं, एक फडकं मध्ये धरायचं म्हणजे रंगाला चरे पडत नाहीत), तर दारांच्या खालचे चार बोटं, मागची दोन्ही मडगार्डं आणि दारांखालचा लांब पट्टा, ज्याला आम्ही सिल म्हणतो, तिथं मॅग्नेट चिकटायलाच तयार नाही. तिथं लोखंडच नव्हतं तर चिकटणार कशाला. त्या गॅरेजवाल्यानं गंज काढला नव्हता, गंजावर झाकण घातलं होतं. रंग बघून डॉक्टरांच्या घरच्यांना वाटलं गाडी नवी झाली. मला राग येतो तो इथं येतो. गाडी जुनी झाली म्हणून ती मरत नाही, असं झाकून ठेवल्यानं मरते.

आणि पद्मिनीच्या बाबतीत हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी सडली तरी खाली भक्कम सांगाडा असतो. पद्मिनीला तसलं काही नाही, तिची बॉडी हीच तिची चासी. तळाचा पत्रा आणि दोन बाजूंच्या सिल याच्यावरच सगळा भार. त्या सिल सडल्या की गाडी मधनं वाकायला लागते, दार उघडलं की परत नीट लागत नाही, आणि धडक बसली तर माणसाला वाचवायला तिथं काही उरलेलंच नसतं. आजच्या बहुतेक सगळ्या छोट्या गाड्या पण अशाच बनतात, त्यामुळं १० वर्षांच्या गाडीवाल्यांनी पण निवांत बसू नये.

आता कुणी म्हणेल सोलापुरात कसला गंज, इथं हवा कोरडी, मे महिन्यात पारा ४२-४३ला. खरंय, आपल्या हवेत गाड्या मुंबईपेक्षा नक्कीच जास्त टिकतात. पण ही गाडी पहिली पाच वर्षं मुंबईच्या खाऱ्या हवेत होती, आणि मीठ एकदा दोन पत्र्यांच्या सांध्यात बसलं की ते हवेतला ओलावा ओढत राहतं. त्यात वर कडुलिंब. पानं दारांत जाऊन भोकं बुजली, पुढच्या काचेचं रबर उन्हानं तडकलं, तिथनं पावसाचं पाणी डॅशबोर्डच्या मागनं उतरून मॅटखाली, आणि मॅटखाली जो नमदा, म्हणजे जाड लोकरीसारखं अस्तर असतं, तो ते पाणी स्पंजसारखं धरून ठेवतो. वरनं रबर, खालनं डांबर, मध्ये ओला नमदा, मग पत्रा सुकणार कधी? गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, म्हणून रंगाखाली आधी फोड येतो आणि मग पापुद्रा सुटतो. तुमच्या गाडीला असा फोड दिसला तर समजा बाहेर रुपयाएवढं दिसतंय ते आत पुरीएवढं असणार. लांबी स्वतःच ओल ओढते, त्यामुळं गंजावर लांबी भरली की आत काम जोरात चालू राहतं आणि बाहेर दोन वर्षं काही दिसत नाही.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण पुष्कळ जणांना वाटतं हे घरी होत नाही. होतं. वेळ लागतो, पैसे त्या मानानं कमी लागतात.

सगळ्यात आधी बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी काढली आणि शेडच्या बाहेर लांब नेऊन ठेवली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ असते, तिच्याजवळ वेल्डिंग नाही म्हणजे नाही. सीटा, मॅट, नमदा सगळं बाहेर. मग गाडी चार पक्क्या स्टँडवर घेतली, जॅकवर नाही, जॅकवरच्या गाडीखाली माणसानं कधी जाऊ नये. आणि लेव्हल बघितली. लूम बसवताना आम्ही पाण्याच्या ट्यूबनं लेव्हल घेतो, तीच इथं कामाला आली. नंतर दाराच्या मोकळ्या जागेत चौकोनी पाईपचे आडवे-तिरपे आधार टाके मारून बसवले, कारण सिल कापली की बॉडी दबते आणि एकदा दबलेली बॉडी नंतर सरळ करणं माझ्यासारख्याच्या हातचं नाही. एका वेळी एकच बाजू कापायची, ती पूर्ण जोडायची, दार लावून फट मोजायची, मग दुसरी.

कापताना मन घट्ट करावं लागतं. वाटतं एवढं कशाला, इथला पत्रा तर बरा दिसतोय, पण छन्नीच्या टोकानं ठोकून बघितलं की आवाज सांगतो, चांगला पत्रा खणखणतो आणि खाल्लेला पत्रा नुसता भद्द करतो. जिथपर्यंत खणखणीत आवाज येत नाही तिथपर्यंत कापायचं, कंजुषी नाही. मी दोन ठिकाणी कंजुषी केली आणि दोन्ही ठिकाणी वेल्डिंगचा टाका धरेना, पत्रा कागदासारखा जळत गेला, परत कापावं लागलं.

नवीन तुकड्याचं माप पुठ्ठ्यावर घेतलं, चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा, आपल्या गावात तो काय मिळत नाही असं नाही. पुठ्ठा दुमडून, कापून, जागेवर बरोबर बसला की तोच पत्र्यावर आखायचा. पत्रा १ एमएमचा सीआर शीट, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पत्रा घेतला. छपराचा जीआय पत्रा घरात पडलेला असतो आणि मोह होतो, पण त्याच्यावर जस्त असतं, वेल्डिंग केलं की त्याचा धूर छातीत जातो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आमच्याकडच्या एका वेल्डरला झालेलं मी बघितलंय. वेल्डिंगला सीओटू मशीन, म्हणजे तार वापरून कार्बन डायऑक्साईडच्या आडोशात विजेनं वेल्डिंग करणारं, भाड्यानं आणलं. गॅसच्या ज्योतीनं करणारे जुने लोक फार सुंदर करतात पण पातळ पत्रा त्या उष्णतेनं वाकतो, ते सावरायला हात पाहिजे. सीओटूनं मी एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब तिथं, असं उड्या मारत केलं, मध्ये थंड होऊ दिलं. एका फुटाला अर्धा-पाऊण तास गेला. एक चूक मोठी झाली, ग्राइंडरच्या ठिणग्या दाराच्या काचेवर गेल्या आणि काचेत बारीक काळे ठिपके कायमचे रुतले, पुसून जात नाहीत. काचेवर ओलं गोणपाट टाकायला पाहिजे होतं.

छोट्या पार्टांसाठी, म्हणजे बिजागऱ्या, कंस, बॅटरीचा ट्रे वगैरे, गंज काढायला मी ड्रम वापरला. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं घरोघरी प्लास्टिकचे मोठे ड्रम असतातच, एक जुना तडा गेलेला ड्रम मिसेसनं दिला, तडा बुजवून घेतला. त्यात पाणी, १० लिटरला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची मायनस वायर गंजलेल्या पार्टाला आणि प्लस वायर साध्या लोखंडी पट्टीला, दोघं एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो आणि चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं, ग्राइंडरनं जाते तशी जाडी जात नाही. पण दोन गोष्टी नीट वाचा. प्लसला स्टेनलेस स्टीलची पट्टी किंवा चमचा अजिबात लावू नका, त्यातनं क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. आणि यातनं हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे उघड्यावरच करायचं, जवळ बिडी-काडी नाही. सोड्याऐवजी मीठ टाकतात काही जण, तेही नको, क्लोरीन सुटतो. पार्ट बाहेर काढला की धुवून, लगेच सुकवून, त्याच दिवशी प्रायमर, नाहीतर तासाभरात परत लाली धरतो.

मोठ्या पत्र्याला तारेचा ब्रश, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाचा टणक थर करणारं औषध), मग इपॉक्सी प्रायमर. रेडऑक्साईड स्वस्त आहे आणि आपल्याकडं सगळे तेच मारतात, पण नुसतं रेडऑक्साईड ओल अडवत नाही, वरच्या भागाच्या रंगाखाली ते ठीक, जमिनीजवळच्या पत्र्याला पुरत नाही. सिलच्या आत पोकळ जागा असते तिथं ब्रश जात नाही, तिथं शेवटी पातळ केलेलं मेण फवारलं. आणि भोकं! तळाची, दारांची, सिलची, पाणी जायची जेवढी भोकं कंपनीनं दिली होती तेवढी सगळी परत ठेवली. वडिलांची अगरबत्तीची काडी.

इंजिन त्या मानानं लवकर झालं. जाम होतं, प्लग काढून सिलेंडरमध्ये डिझेल आणि ऑईल टाकून आठवडाभर ठेवलं आणि हातानं हलवत हलवत सोडवलं. १०८९ सीसीचं साधं इंजिन, चार सिलेंडर, माझ्यासारख्या लूमवाल्याला पण समजतं. ब्रेकचे व्हील सिलेंडर मात्र सगळे नवीन, तिथं काटकसर करायची नाही, आणि जुन्या लायनरची धूळ फुंकरीनं किंवा हवेनं उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. पेट्रोलची रबरी पाईप पण सगळी बदलली, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आपल्या जिल्ह्यात उसाचं आणि साखर कारखान्यांचं केवढं काम आहे, इथेनॉलनं शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मला आनंदच आहे, पण जुन्या गाडीचं रबर त्यानं फुगतं-चिरतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून लोखंडी टाकी महिनोन्‌महिने अर्धी भरून ठेवली तर ती आतनं गंजते. जुन्या स्कूटरवाल्यांनी पण हे ध्यानात ठेवा.

आता एवढं सगळं मी कशासाठी करतोय, असं शेजारी विचारतात. वडिलांसाठी हे तर आहेच. पण अजून एक आहे जे आपल्या गावातल्या पोरांना माहीत नाही आणि ते बघून मला वाईट वाटतं. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ज्यांनी १९४४ साली काढली ते वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ला इथंच जन्मलेले. देश स्वतंत्र व्हायच्या आधी ज्या माणसानं जहाजं, विमानं, मोटारी इथंच व्हायला पाहिजेत असं मनात धरलं तो सोलापूरचा माणूस. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ही गाडी बनायची, १९७४ला तिला पद्मिनी नाव मिळालं, आणि २०००च्या आसपास ती बंद झाली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो आले, लोक हळहळले. पण वालचंदांच्या स्वतःच्या गावात एक पद्मिनी नीट जपून लोकांना बघायला ठेवावी, हे कधी कुणी बोललेलं माझ्या कानावर नाही. त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आपल्याकडं आहे, सरकारी आयटीआय आहे, पोरं हुशार आहेत. एक सडलेली गाडी वर्षभर पोरांच्या हाती द्या, कापू द्या, जोडू द्या. पत्रा ठोकून आकार देणारे जुने डेंटर गावात आता बोटावर मोजण्याइतके उरलेत, त्यातल्या एकाकडं मी मडगार्डचा गोल वळवायला गेलो होतो, साठी ओलांडलेला माणूस, वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं त्यानं दोन तासांत जो गोल काढला तो मला दोन महिन्यांत जमला नव्हता. त्याच्याकडं शिकायला एक पण पोरगं नाही. त्याला कॉलेजात मान देऊन बोलवा, मानधन द्या.

आणि नियमाचं म्हणाल तर खासगी गाडीला १५ वर्षांनी तपासणी करून आरसी नवी करावी लागते, पुढं दर ५ वर्षांनी परत, आणि २० वर्षांवरच्या कारला त्याची फी आता १० हजार झालीय. विंटेज म्हणून वेगळी नोंद हवी तर गाडी ५० वर्षांवरची पाहिजे, ती सोयही कायद्यात २०२१पासनं आहे. माझी त्यात बसायला अजून थोडा अवकाश आहे. मी फी भरायला तयार आहे, तक्रार नाही. माझं मागणं उलटं आहे, की तपासणी अजून कडक करा. धूर, लाईट, ब्रेक बघाच, पण मॅट उचला, छन्नीच्या टोकानं तळ ठोका, सिलला मॅग्नेट लावा. ज्याच्यात लांबी निघेल त्याला परत पाठवा, मग ती गाडी ४० वर्षांची असो नाहीतर ११ वर्षांची. आणि जिचा पत्रा खणखणतो तिला वयामुळं भंगार म्हणू नका.

पेपरातल्या त्या वाचकांना पण एक विनंती, आज संध्याकाळी स्वतःच्या गाडीचं ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट काढून फक्त हात फिरवून बघा. ओलं लागलं तर उद्या उन्हात टाका आणि काचेचं रबर तपासा, दोन-पाचशे रुपयांत काम होईल.

माझ्या गाडीची डावी बाजू पूर्ण झाली, उजवीकडची मागची सिल आणि डिकीचा तळ राहिलाय. मृगाच्या आत प्रायमर मारून व्हायला पाहिजे, नाहीतर उघडा पत्रा एका पावसात परत लाल होईल, म्हणून आता हे पत्र इथंच थांबवतो, शेडमध्ये लाईट लावून बसलोय.

आपला,
एक लूम फिटर आणि आपला रोजचा वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर